जलसंवेदकांची साक्ष

नदीच्या वा तलावाच्या पाण्यात संवेदक बसवावयाचे, त्यांची मोजमापे 'क्लाऊड'वर साठवावयाची आणि तेथून ती आलेखरूपाने पाहावयाची, या विषयावरील प्रबंधांना अलीकडे बहर आला आहे. माहिती कशी वाहून नेली याचे वर्णन त्यांत विस्ताराने येते. काय मोजले आणि तेच का मोजले, हा प्रश्न मात्र बहुधा एका परिच्छेदात आटोपतो. आमचा आक्षेप आहे तो येथेच.

सामू, तापमान, गढूळपणा, विद्युद्वाहकता व विरघळलेला प्राणवायू या पाच राशींची निवड होते, ती पुष्कळदा त्यांचे संवेदक बाजारात सहज मिळतात म्हणून. आता आपल्याकडील स्नानयोग्य पाण्याचे मुख्य निकष पाहावेत. सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, जैव प्राणवायू-मागणी फार तर ३ मिलिग्रॅम, आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमागे अधिकाधिक २,५००. यांतील पहिले दोनच या उपकरणांच्या आवाक्यातले. तिसऱ्यासाठी नमुना २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवावा लागतो. चौथ्यासाठी जंतूंचे संवर्धन करावे लागते. २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजच्या पाण्याविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारीच्या आरंभी दिलेल्या अहवालात वेळोवेळी निकषभंग आढळला, तो प्रामुख्याने या जंतूंच्याच बाबतीत. पुढील अहवालात मंडळाने सांख्यिकीय विश्लेषणाच्या आधारे पाणी स्नानयोग्य ठरविले. दोहोंतील अधिक ग्राह्य कोणता, हा प्रश्न निराळा. सामूचा आलेख कितीही अखंड असता, तरी त्याचा निर्णय त्यातून लागला नसता.

सातत्य हा या पद्धतीचा खरा गुण होय, आणि तो मान्य केलाच पाहिजे. शैवालाने भरलेल्या तलावात दुपारी प्राणवायू संपृक्ततेच्याही वर जातो व पहाटे इतका उतरतो की मासे गुदमरावेत. सकाळी अकराला बाटली भरून नेणाऱ्यास याचा पत्ता लागत नाही, संवेदकास लागतो.

मात्र तो संवेदक स्वच्छ असला पाहिजे. सामूच्या काच-विद्युदग्राने २५ अंशांवर दर एककास सुमारे ५९ मिलिव्होल्ट फरक दाखवावा, अशी अपेक्षा असते. त्यावर जैविक थर साचला की प्रतिसाद मंदावतो, वाचन सरकू लागते, आणि 'क्लाऊड' तो चुकीचा आकडाही तितक्याच निष्ठेने जपतो! म्हणून परीक्षकांनी अशा प्रबंधात प्रथम संवेदक केव्हा धुतले, ज्ञात सामूच्या द्रावणांशी केव्हा ताडून पाहिले, आणि त्याच जागेच्या नमुन्याचे प्रयोगशाळेतील वाचन किती निघाले, एवढ्या नोंदी मागाव्यात. त्या नसतील तर प्रबंध परत करण्यास आमची हरकत नाही.