सीमाप्रश्नाच्या पुस्तकांत न मावणारी घरे

सीमाप्रश्नावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. हाती आले तेवढे मी वाचले. बहुतेक ठिकाणी माणूस आधीच पक्का मराठी किंवा पक्का कानडी असतो, मग राजकारण येऊन त्याच्यावर अन्याय करते. बेळगाव-निपाणीकडच्या जैन घरांना हे माप बसत नाही. इथला जैन बहुतेक शेतकरी. (जैन म्हणजे पेढीवरचा शेठ, ही समजूत पुण्या-मुंबईची!) कित्येक घरांत बोलणे कानडी, बाजार मराठी आणि देवळात णमोकार प्राकृत. यातली तुमची कुठली, असे कुणी विचारीपर्यंत ते ठरवायची गरजच पडली नव्हती.

दक्षिण भारत जैन सभा १८९९ साली स्तवनिधीला स्थापन झाली. त्या पिढीतले अण्णासाहेब लठ्ठे घ्या. जैन सुधारक, ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी, शाहू महाराजांचे चरित्रकार आणि १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री. एक ओळख दुसरीच्या आड आली नाही. १९५६ ला रेघ ओढली गेली. स्तवनिधी म्हैसूर राज्यात गेले, सांगली-कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले. पुढे महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला, अशी वाटणी सुचवली. सासू कानडी आणि सून मराठी, हे घर त्या हिशेबात कुठल्या बाजूला धरायचे?

आयोगाचे सोडा, त्याचे कामच मोजायचे. माझी तक्रार आमच्या लेखकांबद्दल आहे. त्यांनीही तीच मोजणी पुढे चालवली. ओळखीतून राजकारण निघते एवढेच त्यांनी पाहिले. राजकारण ओळख घडवते, हे निसटले.

२०१४ च्या जानेवारीत केंद्राने जैनांना अल्पसंख्य म्हणून जाहीर केले. ही मागणी जुनी, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली. आयती मिळाली असे नव्हे. पण दाखल्यावर वर्षानुवर्षे ‘हिंदू जैन’ लिहिणारे आमचे नातेवाईक नुसते ‘जैन’ लिहू लागले, ते आधी मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. अभिमान नंतर आला. खोटा म्हणणार नाही मी त्याला, अर्जातून आला म्हणून काय झाले? त्याच वर्षी नोव्हेंबरात बेळगावचे ‘बेळगावी’ झाले, तेव्हा त्याच घरांत मराठीचा अभिमान उसळला, आणि शेजारच्या जैन घरात कानडीचा.

आता दाखला ‘जैन’ म्हणून मिळतो, पण कानडीत. सांगलीहून आलेल्या सुनेला तो सासूच वाचून दाखवते. अशा घराची कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही.