मराठी लेखक : जीवन, व्यवसाय व पार्श्वभूमी (१९६० नंतर)

मराठी कवी व कथा-कादंबरीकार यांचा सामाजिक स्तर, जन्मप्रदेश, शिक्षण आणि उपजीविका यांत १९६० नंतर जी विविधता आली, ती आधुनिक मराठी साहित्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना होय. त्यापूर्वीचा लेखक बहुधा पांढरपेशा व उच्चवर्णीय असे. अध्यापन, वकिली, वृत्तपत्र किंवा सरकारी नोकरी यांवर त्याचा चरितार्थ चाले. केशवसुत (१८६६–१९०५) शिक्षक होते, तर बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) आकाशवाणीच्या सेवेत होते. अपवाद अर्थातच होते. निरक्षर बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली. शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांची फकिरा ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि अशा लेखकांकडे समीक्षेने दीर्घकाळ कौतुकाने अथवा उपेक्षेने पाहिले, साहित्याच्या मुख्य विचारात त्यांना स्थान दिले नाही.

या परिवर्तनामागे प्रतिभेइतकेच संस्थांचेही कार्य आहे. रयत शिक्षण संस्थेची (स्थापना १९१९) वसतिगृहे व शाळा, डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेली मुंबईचे सिद्धार्थ (१९४६) आणि औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद (१९५०) ही महाविद्यालये, तसेच मराठवाडा विद्यापीठ (१९५८) व शिवाजी विद्यापीठ (१९६२) यांमुळे शेतकरी, दलित व भटक्या समाजांतील मुलांची पहिली पिढी लिहू लागली. मुंबईत कामगार चळवळीने व शाहिरी परंपरेने तेच कार्य केले. लघुनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांबाहेर छपाईची वाट मोकळी केली आणि अस्मितादर्शसारख्या नियतकालिकाने दलित लेखकांना स्वतःचा वाचकवर्ग मिळवून दिला.

या लेखकांनी आणलेली पहिली गोष्ट म्हणजे शब्द. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांना अर्भकावस्थेत एका गिरणी कामगाराने आश्रय दिला. गिरणीतील मजूर, शाळेतील शिपाई आणि पुढे महानगरपालिकेच्या शाळेतील शिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. ऐसा गा मी ब्रह्म (१९६२) व माझे विद्यापीठ (१९६६) या संग्रहांत कामगार हा वर्ण्यविषय उरत नाही, तो स्वतःच बोलू लागतो. मुंबईच्या श्रमिक वस्तीत वाढलेले बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) या संग्रहाने मराठी कथेची सभ्य मर्यादा ओलांडली. नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांचे बालपण मुंबईतील गोलपिठा परिसरात गेले व काही काळ त्यांनी टॅक्सी चालविली. गोलपिठा (१९७२) या त्यांच्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मध्यमवर्गीय मराठी वाचकास त्यातील अनेक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागतात, हे त्या प्रस्तावनेतून स्पष्ट होते. आपल्याच भाषेतील कवितेसाठी कोश हाती घ्यावा लागावा आणि तो कोशही उपलब्ध नसावा, ही स्थिती त्या काळच्या वाङ्मयव्यवहाराविषयी पुष्कळ सांगून जाते.

मात्र येथेच मराठी समीक्षेत एक सवय रुजली. लेखकाचे जीवन हे त्याच्या लेखनाचे प्रमाणपत्र मानले जाऊ लागले. जे भोगले तेच लिहिले, म्हणून ते श्रेष्ठ, असा हा युक्तिवाद आहे. आणि जे भोगले तेवढेच लिहिता येते, म्हणून ते मर्यादित, हा त्याचाच उलटा अवतार होय. दोन्ही भूमिका लेखकाकडून घडणी, निवड आणि कल्पना यांचे श्रेय काढून घेतात. सुर्वे आणि ढसाळ यांची तुलना केल्यास ही अडचण उघड होते. दोघेही मुंबईच्या श्रमिक वस्त्यांतील, दोघेही राजकीय चळवळीशी बांधलेले. परंतु सुर्व्यांची कविता संवादाच्या, निवेदनाच्या लयीत चालते व माणसावरील विश्वास सोडीत नाही, तर ढसाळांची कविता प्रतिमांच्या आघाताने वाचकाला अस्थिर करते व शिवीलाही काव्यघटक बनविते. हा भेद त्यांच्या चरित्रांतून निघत नाही. तो दोघांनी भाषेशी जोडलेल्या नात्यातून निघतो.

अरुण कोलटकर (१९३२–२००४) यांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. कोल्हापूरला जन्मलेला हा चित्रकार-कवी जाहिरात क्षेत्रातील नामवंत कलादिग्दर्शक होता. व्यवसायावरून अनुमान काढावयाचे, तर त्यांच्या कवितेत रस्त्यावरचे जग येण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात अरुण कोलटकरच्या कविता (१९७७) या संग्रहातील काही रचना मुंबईच्या रस्त्यावरील हिंदीमिश्रित बोलीत आहेत. येथे व्यवसायाचा खरा संबंध विषयाशी नसून पाहण्याच्या पद्धतीशी आहे : जाहिरातीतील नेमकेपणा व काटकसर त्यांच्या ओळीत उतरलेली दिसते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रंगनाथ पठारे यांच्या ताम्रपट (१९९४) या कादंबरीत प्रयोगशाळेला नव्हे, सत्ताकारणाला केंद्रस्थान आहे. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांच्या कथाविश्वात महाविद्यालय अभावानेच आढळते. याउलट प्रशासकीय सेवेतील विश्वास पाटील यांच्या झाडाझडती (१९९१) या धरणग्रस्तांवरील कादंबरीत सरकारी कामकाजाचा परिचय तपशिलांतून जाणवतो. निपाणीला पिठाची गिरणी चालवणारे महादेव मोरे यांनी सीमाभागातील कष्टकऱ्यांचे जग तेथूनच लिहिले. त्यांच्या लेखनाला मिळालेले लक्ष मात्र तोकडेच म्हणावे लागेल.

ग्रामीण लेखनातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ना. धों. महानोर (१९४२–२०२३) शिक्षण अर्धवट सोडून पळसखेड्याला शेतीकडे परतले. रानातल्या कविता (१९६७) या त्यांच्या संग्रहात शेत हे आनंदाचे व ओढीचे स्थान आहे. आनंद यादव (१९३५–२०१६) कागलच्या कष्टकरी शेतकरी कुटुंबातून शिक्षणासाठी झगडत बाहेर पडले व पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या गोतावळा (१९७१) या कादंबरीत यंत्राच्या आगमनाने शेतगड्याचे जग मोडते. झोंबी (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांचा स्वतःचा झगडा आहे. शेतात राहिलेल्याने गाणे लिहावे आणि शेतातून निघालेल्याने शोकांतिका लिहावी, हा योगायोग नसावा. अंतर पडल्यावरच काही गोष्टी दिसू लागतात. या विविधतेला एक अलक्षित मर्यादाही आहे. मराठी ललित पुस्तकाची आवृत्ती सामान्यतः हजार-अकराशे प्रतींची असल्याने लेखनावर जगणे जवळजवळ अशक्य असते. परिणामतः भिन्न मुळांचे लेखक अखेर शाळा-महाविद्यालयांच्या नोकरीत एकत्र येतात, आणि शिक्षकाची दृष्टी नव्या ग्रामीण कादंबरीवर नकळत पसरते.

आत्मकथनांनी हा विस्तार सर्वाधिक वाचकांपर्यंत नेला. दया पवार (१९३५–९६) यांचे बलुतं (१९७८), लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या (१९८७) ही त्यांतील प्रमुख होत. पण वाचकांनी त्यांतील दुःखावर लक्ष खिळविले आणि रचनेकडे दुर्लक्ष केले. बलुतंमध्ये निवेदक स्वतःलाच समोर बसवून कथा ऐकतो, या युक्तीने शहरी नोकरदार आणि गावकुसाबाहेरचा मुलगा हे एकाच व्यक्तीचे दोन भाग परस्परांना प्रश्न विचारू शकतात. पुस्तकाचे सामर्थ्य त्या दुभंगात आहे. ज्याला केवळ एक जीवन सांगण्यासाठी बोलावले जाते, त्या लेखकाकडून दुसऱ्या पुस्तकाची अपेक्षाच केली जात नाही. हा दलित लेखकांवर झालेला सूक्ष्म अन्याय होय.

स्त्रियांच्या बाबतीत व्यवसायाचा रकाना बहुधा कोराच राहतो. फलटणला लहानसे किराणा दुकान चालवणाऱ्या बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांनी जिणं आमुचं (१९८६) हे आत्मकथन घरच्यांपासून लपवून लिहिले व ते अनेक वर्षे अप्रकाशित राहिले. त्यात ‘मी’ पेक्षा ‘आम्ही’ अधिक येतो. उर्मिला पवार यांच्या आयदान (२००३) या आत्मकथनाचे शीर्षक आईच्या बांबूच्या विणकामावरून आले आहे. आईने विणलेल्या या वस्तूंवर कुटुंबाचा निर्वाह होत असे. लेखिकेने आपल्या लेखनाची जात त्याच विणीशी जोडली आहे.