‘सलाईन’ या शब्दाचा अर्थविस्तार

त्वचा व तिच्याखालील मृदू ऊती यांच्या जंतुसंसर्गांस मराठीत जुनी व अर्थवाही नावे आहेत. गळू, केसतूड, काळपुळी ही व्याधीचे रूप दाखवितात. ‘धावरे’ हे नाव तिची गती दाखविते. संस्कृत ‘विसर्प’ या शब्दाच्या मुळाशीही सरपटण्याचीच कल्पना आहे. आजचा डॉक्टर लालीच्या कडेने शाईची रेघ ओढतो आणि दुसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून गेली काय, हे पाहतो. ते निरीक्षण ‘धावरे’ या नावात पूर्वीच साठविलेले आहे.

रोगनामांत एवढी सूक्ष्म असलेली भाषा उपचारनामांत मात्र शिथिल झाली आहे. शिरेतून कोणतेही औषध दिले तरी पुण्याच्या बोलीत ‘सलाईन लावले’ असेच म्हणतात. सलाईन म्हणजे वस्तुतः १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ असलेले पाणी. ते पुष्कळदा औषधाचे केवळ वाहन असते. वाहनाचे नाव वाहिलेल्या वस्तूस मिळणे भाषेत नवे नाही. आक्षेप या लक्षणेवर नसून तिने झाकलेल्या भेदावर आहे.

हा भेद प्राणाशी निगडित आहे. ऑक्सफर्ड येथे १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास चेहऱ्यावरील संसर्गासाठी शिरेतून पेनिसिलिन देण्यात आले. त्यास उतार पडला. पण साठा संपला. मूत्रातून परत मिळविलेले औषधही अपुरे ठरले आणि १५ मार्चला तो मरण पावला. शीर उपलब्ध होती, औषध नव्हते.

ताप तीव्र असेल, लाली वेगाने पसरत असेल किंवा पोटात औषध ठरत नसेल, तर शिरेचा मार्ग आवश्यक ठरतो. उतार पडल्यावर तेच कार्य बहुधा गोळ्या करतात. परंतु ‘सलाईन काढले’ याचा अर्थ ‘उपचार संपले’ असा सहज लावला जातो, आणि गोळ्या अर्ध्यावर सुटतात.

‘प्रतिजैविक’ ही पारिभाषिक संज्ञाही येथे पुरेशी साहाय्यक नाही. औषध जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नव्हे, ही मर्यादा तीतून व्यक्त होत नाही. याउलट, पुण्यालगत पिंपरीस १९५५ साली उत्पादन सुरू झाल्यापासून ‘पेनिसिलिन’ हा परका शब्द या परिसरात रुळला. तो निदान एका निश्चित द्रव्याचा निर्देश करतो. म्हणून ‘शिरेतून अमुक औषध, इतके दिवस, पुढे गोळ्या, इतके दिवस’ अशी वाक्यरचना हीच अधिक उपकारक परिभाषा होय. परिभाषाकारांनी नामांबरोबर अशा वाक्यांचाही विचार करावयास हवा.