भिंतीआडचे बेट
उरी ऑर्लेव्ह (१९३१-२०२२) यांच्या बालपणाची काही वर्षे वॉर्साच्या घेट्टोत गेली; आई नाझींकडून मारली गेली. १९८१ साली हिब्रूत आलेल्या त्यांच्या ‘द आयलंड ऑन बर्ड स्ट्रीट’ या कादंबरीत मात्र आक्रोश नाही. पडक्या इमारतीत पांढऱ्या उंदराच्या सोबतीने दडून वडिलांची वाट पाहणारा अकरा वर्षांचा ॲलेक्स म्हणजे जणू रॉबिन्सन क्रूसोच. पण क्रूसोभोवती समुद्र होता. येथे भिंतीपलीकडे माणसे आहेत, बहुतांशी आपल्याच कॅथलिक श्रद्धेची! कोणी मदतीचा हात देतो, कोणी यहुद्यांची ओस घरे लुटतो. लेखक दोघांनाही न्याय देतो, हे आम्हांस विशेष वाटते. अखेरीस वडील परततात. सुमारे १५ लाख यहुदी मुलांचा संहार झाला असता हा शेवट आम्हांस फार सुखाचा वाटतो. बालवाचकाला कदाचित तो हवाच असेल.