पडदा, पुरावा आणि प्रवेश: 'द विडोज ऑफ मलबार हिल'

गुन्हा कोणी केला, या प्रश्नाभोवती रहस्यकथेची समीक्षा बहुधा फिरत राहते. गुन्ह्याच्या जागी प्रवेश कोणाला मिळतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मराठी रहस्यकथेने तो जवळजवळ सुटलेलाच मानला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला वा काळापहाडला उंबरठ्याचे भय नसते. धाडस आणि चातुर्य यांच्या बळावर हे नायक कोठेही पोहोचतात. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) ही इंग्रजी कादंबरी नेमके हेच गृहीत काढून घेते.

काळ १९२१ चा, स्थळ मुंबई. उमर फरीद या गिरणीमालकाच्या तीन विधवा, रझिया, सकिना आणि मुमताझ, मलबार हिलवरील बंगल्यात गोषात राहतात. घराचा कारभार मुखत्याराकडे आहे. तिघीही आपली मालमत्ता वक्फला देऊ इच्छितात, असे पत्र येते आणि त्यावरील सह्या पाहून परवीन मिस्त्री हिला शंका येते. पुरुषाला जनान्यात पाऊल टाकता येत नाही. वडिलांच्या पेढीत सॉलिसिटर म्हणून काम करणाऱ्या परवीनला येते. ती आत जाते, आणि पुढे मुखत्याराचाच खून होतो.

नायिका खंबीर आहे, एवढे म्हणून येथे थांबता येत नाही. 'खंबीर स्त्री' हे विशेषण अलीकडे इतके सैल झाले आहे, की त्याने काहीच सांगितले जात नाही. परवीनचे सामर्थ्य स्वभावातून जितके येते, त्याहून अधिक ते तिच्या कायदेशीर स्थानातील विसंगतीतून येते. स्त्रियांना वकिली करण्यास असलेली आडकाठी दूर करणारा कायदा १९२३ चा; म्हणजे कथेच्या काळात न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याची वाट तिला बंद आहे. ज्या लिंगभेदाने ती न्यायालयाबाहेर ठेवली जाते, त्याच लिंगभेदाने तिला जनान्याचे दार उघडते. एका बहिष्काराच्या आधाराने दुसऱ्या बहिष्काराच्या आत शिरणे, ही या कादंबरीची खरी घटना होय. खून त्यामानाने दुय्यम आहे.

हे सूत्र दुसऱ्या कालपटात अधिक गडद होते. १९१६-१७ मधील परवीनचा सायरस सोडावाला याच्याशी झालेला विवाह, कलकत्त्याच्या सासरी मासिक पाळीच्या दिवसांत तिला सोसावे लागलेले कोंडले जाणे, नवऱ्याची मारहाण, आणि शेवटी न्यायालय. १८६५ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यात नवऱ्याचा वेश्यागमन हा दोष पत्नीला घटस्फोट मिळण्यास पुरेसा मानलेला नव्हता. परवीनच्या पदरी न्यायिक विभक्तता तेवढी पडते. पुनर्विवाहाची मोकळीक नाही. कायद्यातील एका अपवादाने एका स्त्रीचे उरलेले आयुष्य ठरते. येथे मराठी वाचकाला रखमाबाईंचा १८८४ ते १८८८ मधला खटला आठवल्यावाचून राहणार नाही. नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ साली दिला होता. मलबार हिलवरील गुन्हेगार अखेरीस सापडतो. परवीनच्या आयुष्यातील अन्यायाला मात्र पकडता येईल असा गुन्हेगारच नाही, कारण तो कलमात बसलेला आहे. रहस्यकथेचा साचा जेथे अपुरा पडतो, तेथेच ही कादंबरी सर्वांत प्रामाणिक होते.

तिची दुर्बलता इतिहासाच्या हाताळणीत आहे. परवीनमागे दोन ऐतिहासिक स्त्रिया उभ्या आहेत. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार होत्या. मिठन टाटा यांनी १९१९ साली आई हेराबाईंसह इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि १९२४ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. सोराबजी ब्रिटिश राजवटीच्या समर्थक आणि गांधींच्या चळवळीच्या विरोधक होत्या. कादंबरीने त्यांचे काम घेतले, मत वगळले. जनान्यातील स्त्रीला आधार देणारी व्यक्ती साम्राज्यनिष्ठही असू शकते, हा अडचणीचा पेच त्यामुळे नाहीसा होतो. आजच्या वाचकाला नायिका आवडावी म्हणून इतिहास धुऊन घेतला गेला आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकाबाबत आणखी एक गोष्ट घडते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. मेहेर, वक्फ, मुखत्यार, मुन्तखब हे शब्द येथील जुन्या दप्तरात आणि घरांतल्या बोलण्यात आहेत. 'निशाणी डावा अंगठा' या तीन शब्दांखाली कोणाची संमती होती आणि कोणाची नव्हती, हा संशय येथे कोणाला नवा नाही. कादंबरी जेथे थांबून मेहेर म्हणजे काय हे समजावते, तेथे हा वाचक पुढे निघून गेलेला असतो; पारशी घरातील रीतींपाशी मात्र तो थबकतो. अमेरिकेत राहणाऱ्या लेखिकेने मनाशी धरलेला वाचक कोण, हे या स्पष्टीकरणांच्या जागांवरून कळते. मराठी ऐतिहासिक कादंबरीने हा प्रदेश दूरच ठेवला, हेही त्याबरोबर जाणवते. उदगीर तीत येते ते प्रामुख्याने १७६० च्या लढाईपुरते. त्या लढाईनंतर तेथे कोणाच्या मिळकतीचे काय झाले, हे तिला सहसा विचारावेसे वाटले नाही.

'द सातापूर मूनस्टोन' (२०१९) या पुढच्या कादंबरीत परवीन सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानात जाते. बाल राजाच्या शिक्षणावरून दोन राण्यांत वाद आहे, आणि दोघीही पडद्यात. प्रवेशाची युक्ती तीच. पण येथे परवीनच्या स्वतःच्या जखमेचा धागा सैल पडल्याने ती केवळ सोय उरते. डोंगर, पाऊस, पालखी यांची वर्णने देखणी आहेत. मात्र पालखी वाहणाऱ्यांची मराठी इंग्रजीत उतरताना तिचे कोपरे घासले गेले आहेत, आणि कोणाला कोठे जाता येते हे सर्वांत जास्त ज्यांना ठाऊक असणार, त्या भोयांची साक्ष रहस्याच्या उलगड्यात गौणच राहते.