सुईच्या अग्रावर भैरवी

सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन पांडवांना देणार नाही, असे दुर्योधन म्हणाला होता. तो रेकॉर्डी ऐकणारा नसावा. नाहीतर त्या जागेत काय काय मावते हे कळून त्याने पाच गावे मुकाट्याने दिली असती.

सांगायचे कारण, गेल्या महिन्यात मी टर्नटेबलची कार्ट्रिज बदलली. संगमनेरात अशी बातमी लपत नाही. "काय, प्रिंटर बिघडला का?" असे तिघांनी विचारले. कार्ट्रिज म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेली सुईची डबी, असे चौथ्याला समजावले, तर तो म्हणाला, "पण गाणी तर फोनवर फुकट असतात!" अनंत फंदींचे गाव आमचे, इथे फटका कोणीही मारतो.

आता मूळ दुखणे सांगतो. आमचे अण्णा रेकॉर्ड मन लावून ऐकत, पण शेवटची भैरवी आली की सुई उचलत. "भैरवी झाली की मैफल संपते रे," म्हणत. मला ते फार थोर तत्त्वज्ञान वाटे. अण्णा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांना मी ते डोळे पुसत सांगितलेही होते.

पुढे त्यांच्या रेकॉर्डी माझ्या टर्नटेबलवर लावल्या. भैरवी सुरू झाली आणि गायक प्रत्येक 'स' आणि 'च'ला फिस्कारू लागला. मी सुई उचलली. उचलल्यावर हात तसाच राहिला. अण्णांचा हात असाच उचलला जायचा.

हिशेब सोपा आहे. एल.पी.चा एक फेरा 1.8 सेकंदांचा. बाहेरच्या फेऱ्यात सुई सुमारे 92 सेंटिमीटर चालते, अगदी आतल्या फेऱ्यात जेमतेम 38. गाणे तेवढेच, जागा निम्म्याहून कमी, लग्नसराईतली एस.टी.च म्हणा ना! गोल टोकाची जाड सुई त्या दाटीत बारीक वळणे चुकवते. आणि आपल्याकडे भैरवी नेमकी शेवटी! म्हणून कार्ट्रिजची परीक्षा पहिल्या गाण्यावर घेऊ नये. तिथे सगळ्याच पास होतात.

बेताच्या पैशांत लंबगोल टोक घ्यावे. मी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम 95 ई घेतली. तिचे टोक 0.3 बाय 0.7 मिल, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दाब दोन ग्रॅम. स्वस्तातली गोल सुई साडेतीनपर्यंत मागते. ऑर्टोफॉनची 2 एम रेडही लंबगोलच, पण व्हीएम 95 चा गुण असा की एकाच डबीला सहा प्रकारच्या सुया बसतात, त्यांतली एक खास 78 च्या तबकड्यांसाठी. म्हणजे पुढे बढती हवी असेल तर फक्त सुई बदलायची.

दोष? आहेत. लंबगोल सुई जरा वाकडी बसली की रुसते. रेकॉर्ड आधीच झिजलेली असेल, तर तेही लपवत नाही. आणि ज्यांच्या घरी सिरॅमिक कार्ट्रिजचा जुना फिएस्टा असेल, त्यांनी हिच्या नादी लागू नये. ही जेमतेम चार मिलिव्होल्ट देते; तिला फोनोचा वेगळा अँप्लिफायर लागतो.

डबी बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. वजनकाटा, भिंग, आणि तोंडात धरलेले चिमुकले स्क्रू. "अहो, एक स्क्रू गिळला तर त्याचंही गाणं ऐकू येईल का?" हिने विचारले.

चौथ्या रात्री भैरवी लावली. पूर्वीची झीज खरखरत होती, ती कोणतीच सुई भरून काढत नाही. पण 'स' हा 'स' होता, 'च' हा 'च' होता. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"हे गाणं आपल्याकडे होतं?"

"होतं. अण्णांनी कधी पूर्ण ऐकलं नाही."

"का?"

तत्त्वज्ञान ओठांवर आले होते. ते गिळले.

"सुई जाड होती," मी म्हणालो.

भैरवी संपली. दांडा आतल्या कोऱ्या रेघेत गोल गोल फिरत राहिला. तो उचलायला बराच वेळ आम्ही कोणीच उठलो नाही.