उण्णियार्चेची वाट

वीरस्त्री म्हटली की आपल्याकडे घोड्यावरची राणीच आठवते. केरळच्या ‘वडक्कन पाट्टुकळ’ या मध्ययुगीन लोकगाथांतली उण्णियार्चा मात्र तिय्या जातीची, अवर्ण. देवळातला कूत्तू पाहायला निघालेली ही बाई वाट अडवणाऱ्यांवर उरुमी उपसते. नवरा कुंजिरामन शेजारी थरथर कापतो. भातलावणीच्या चिखलात वाकलेल्या बायका हे गात. सवर्ण दिसताच ज्यांनी रस्ता सोडायचा, त्यांना वाटेवरची ही लढाई परकी कशी वाटेल? १९२४ साली वायकोमचा सत्याग्रहही रस्त्यासाठीच झाला.

पुढे गाथाच तिला माघारी फिरवते. भावाच्या सुडासाठी तलवार तिच्या नव्हे, मुलाच्या हाती जाते. भाऊ आरोमल लढला होता तोही सरदारांच्या तंट्यात, त्यांच्या वतीने. त्या सरदारांचा सूड मात्र कोणी मागत नाही.